नांदेड ते दिब्रुगड : तीन तास दोन मिनिटे

ज्यांनी विमानाने कधी प्रवास केलेला नाही, परंतु मुलाबाळांच्या शिक्षणापायी ज्यांच्यावर तो अचानक करण्याची पाळी येऊ शकते, अशा वाचकांच्या माहितीकरिता मी हा वृत्तान्त लिहीत आहे. गेली तीसएक वर्षे मी लातुरात तहसील कचेरीसमोर अर्ज लिहितो. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. तथापि माझ्या हातचा अर्ज 'अपूर्ण' असा शेरा घेऊन कधी परत आलेला नाही, हे त्या आवारातला कोणताही शिपाई सांगेल. या वृत्तान्तात मात्र एक चूक येते आणि ती माझी आहे. हे वाक्य लिहिताना हात किती जड झाला, ते वाचकांनी समजून घ्यावे.

लातूर

मंगळवारी दुपारी रेहाना आणि तिचे यजमान मैनोद्दीनभाई उदगीरच्या गाडीतून उतरून थेट माझ्या टेबलापाशी आले. सोबत त्यांची मुलगी तहसीन होती. मैनोद्दीनभाईंचे उदगीरला घड्याळदुरुस्तीचे दुकान आहे. तहसीन बारावीनंतर दोन वर्षे लातुरात एका खाजगी क्लासच्या वसतिगृहात राहून डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करीत होती. आमच्या गावात अशा मुलांना 'रिपीटर' म्हणतात आणि त्यांच्यावर अर्धे गाव चालते.

"दादा, लागला नंबर!" रेहाना म्हणाली. "पर लई लांब लागला."

शेवटच्या फेरीत तहसीनला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळाली होती. गाव दिब्रुगड, राज्य आसाम. शुक्रवारी सायंकाळी पाचच्या आत मूळ कागदांसह जातीने हजर व्हायचे होते. न झाल्यास जागा रद्द. पुढे फेरी नव्हती. तिसरे वर्ष बसवण्याची मैनोद्दीनभाईंची ताकद नव्हती, हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

रेहानाचा आणि माझा संबंध भूकंपाचा. त्या पहाटे औसा तालुक्यातले तिचे गाव बसले, तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि मी तेवीसचा. ताडपत्रीखाली पाटावर बसून मी अर्ज लिहीत होतो. माझ्या आयुष्यातला पहिला अर्ज तिचा. घरातली नावे एकेक करून तिने मला सांगितली आणि मी त्यांपुढे 'मयत' असे लिहीत गेलो. तेव्हापासून मी तिचा दादा आणि तिच्या मुलीचा मामू आहे. दर ईदला शीरखुर्म्याचा डबा आमच्या घरी येतो.

अंतराची चौकशी करण्याचे काम मी अंगावर घेतले. कचेरीशेजारच्या नेट कॅफेतल्या बाईंना दोन विमानतळांची नावे सांगितली : नांदेड आणि दिब्रुगड. त्यांनी एक कागद छापून दिला. त्यावर भारताचा नकाशा होता आणि एका टिंबापासून दुसऱ्या टिंबापर्यंत सुबक कमान काढलेली होती. अंतर, दोन हजार किलोमीटरहून थोडे जास्त. विमानाचा काळ, तीन तास दोन मिनिटे. खाली बारीक अक्षरांत दोन ओळी इंग्रजी होत्या. माझे इंग्रजी शिक्के आणि शेरे वाचण्यापुरते आहे. मी आकडा वाचला आणि कागद घडी करून खिशात ठेवला. ज्या कागदावर तास आणि वर मिनिटेही दिलेली असतात, तो कागद खोटा असेल असे आमच्या व्यवसायात कोणाच्या मनात येत नाही.

"तीन तास," मी जाहीर केले. "उदगीरहून लातूर गाठायला एसटीला याहून फार कमी लागत नाही. गुरुवारी सकाळी नांदेडहून बसू, दुपारचं जेवण तिथं करू. घाई करू नका. बुधवार मला कागदांना द्या."

"उद्याच निघालं तर?" तहसीनने विचारले.

"कागद कच्चे घेऊन?" मी म्हणालो.

बुधवार मी एका प्रतिज्ञापत्रावर घालवला. ज्या मुलांची मध्ये वर्षे गेली, त्यांनी त्या काळात अन्यत्र कोठे प्रवेश घेतला नव्हता, असे शपथेवर लिहून द्यावे लागते. लातुरात हे काम सगळे करतात आणि सहा ओळींत उरकतात. मी तीन पाने लिहिली. मुलीची आई भूकंपग्रस्त असल्यापासून सुरुवात केली. दोन वर्षे मुलीने वसतिगृहाच्या पत्र्याच्या खोलीत कशी काढली, ते परिच्छेद चारमध्ये घेतले. मुद्रांकावर स्वच्छ अक्षरांत उतरवून, नोटरीचा शिक्का घेऊन, दाभणाने भोक पाडून हिरव्या नाडीने बांधले.

"मामू, इंग्लिशमध्ये लागंल का?" तहसीनने भीत भीत विचारले.

"शपथ कोणत्या भाषेत घेतली हे कायदा बघत नाही," मी उत्तर दिले. हे मी कोठून आणले, ते मलाही ठाऊक नाही.

निघताना मैनोद्दीनभाईंनी स्वतःच्या मनगटावरचे घड्याळ काढून रेहानाच्या हाताला बांधले. "तुमी मामू हाव," ते मला म्हणाले. "कागदाचं तुमालाच कळतं. तुमीच जावा."

नांदेड

गुरुवारी पहाटे व्यंकटच्या जीपने निघालो. व्यंकट मूळचा उमरीचा. क्लासच्या पोरांची ने-आण करतो. अहमदपूर मागे पडले, लोह्याला ऊन वर आले. रानात ज्वारी पोटरीला आली होती. रेहानाने तहारीचा डबा उघडला आणि आम्ही जीपमध्येच खाल्ले. तो या प्रवासातला अखेरचा निवांत घास.

साडेदहाला विमानतळाच्या फाटकापाशी पोचलो. रेहाना आणि तहसीनला जीपमध्ये ठेवून मी पुढे झालो.

"दिब्रुगडचं विमान किती वाजता सुटतं?" मी पहारेकऱ्याला विचारले.

"कुठलं?"

"दिब्रुगड. आसाम."

त्याने माझ्याकडे पाहिले, माझ्या हातातल्या लिहायच्या पेटीकडे पाहिले, आणि आतल्या जोडीदाराला हाक मारली. "हे बघ रं, काका आसामला चालून राहिलेत." मग मला म्हणाला, "तिकीट कुठंय काका?"

"तिकीट खिडकीवर घेऊ."

"हे काय एसटी स्टँड हाय का? आन् आसामचं इमान हितून कवा सुटलंच न्हाई."

मी खिशातला कागद काढून त्याच्यापुढे धरला. त्याने तो उलटसुलट पाहिला. तो माणूस वाईट नव्हता. त्याने आवाज खाली आणला. "काका, हे नुसतं अंतर हाय. पाखरू उडून गेलं तर इतका टाइम लागंल, असं. ह्या रेघंवरून इमान जात न्हाई. हैदराबाद गाठा, न् तितून कलकत्ता. पर आजच्या आजच."

फाटकापासून जीप वीस पावलांवर असेल. तेवढ्या वीस पावलांत मी हिशेब केला. उद्याचे पाच वाजायला तीस तास होते. बुधवारचा संपूर्ण दिवस मी हिरव्या नाडीत बांधून टाकला होता. रेहानाने जीपमधून डोके बाहेर काढले.

"काय म्हनले, दादा?"

"आजचं विमान रद्द झालं," मी म्हणालो. "हैदराबादेहून जावं लागेल."

तीस वर्षांत हजारो लोकांची खरी-खोटी निवेदने मी लिहिली. तोंडाने इतके धडधडीत खोटे मी प्रथमच बोललो, आणि तेही कोणी मागितले नसताना.

नांदेड ते हैदराबाद

शहरातल्या एका तिकीटवाल्याने त्याच्या यंत्रात पाहून तीन जागा काढून दिल्या : रात्री आठनंतर हैदराबाद ते कलकत्ता, दुसऱ्या दिवशी सकाळी कलकत्ता ते दिब्रुगड. "सातच्या आत विमानतळावर पाहिजे तुम्ही," तो म्हणाला. "एक मिनिट उशीर झाला तर दार बंद."

तेव्हा बारा वाजत आले होते. व्यंकटने स्टेअरिंगवर हात ठेवून मुलीकडे पाहिले.

"पोचिवतो," तो म्हणाला. "पर मधी च्या मागायचा न्हाई, आन् मामू, तुमी रस्ता सांगायचा न्हाई."

नायगावपर्यंत रस्ता आमचा. पुढे पाट्यांवरची अक्षरे गोल गोल होत गेली आणि हळदीच्या ऐवजी भाताची खाचरे लागली. आमच्याकडे बांधावर बाभळ असते, तिकडे ताड. एरवी मी या गोष्टी वहीत टिपल्या असत्या. बोधनच्या अलीकडे रेल्वेचे फाटक पडलेले होते. मालगाडी येणार होती, येत नव्हती. व्यंकटने इंजिन बंद केले आणि जीपमध्ये मैनोद्दीनभाईंच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. अशी अकरा मिनिटे गेली.

फाटक उघडल्यावर तहसीन मागून म्हणाली, "मामू, तो कागद द्या जरा."

"कुठला?"

"अंतराचा."

मी दिला. तिने तो पूर्ण वाचला. आरशात मला तिचे डोळे दिसत होते. ते कागदाच्या खालच्या कडेवर थांबले. मग तिने मूळच्याच घड्यांवर तो मिटला आणि मला परत दिला.

"काय झालं?" मी विचारले.

"काही नाही. बघत होते."

पावणेसातला व्यंकटने आम्हाला विमानतळाच्या दारात सोडले. तहसीनची पत्र्याची पेटी उतरवून दिली आणि म्हणाला, "डागदर झाल्यावर माझं गुडघं बघायचं, बाई. पैलं बुकिंग माझं." तहसीन त्या दिवशी प्रथमच हसली.

आत तपासणीत माझी लिहायची पेटी यंत्रातून गेली आणि एका जवानाने ती उघडायला लावली. कागदांना भोक पाडण्याचे माझे दाभण त्याने बाहेर काढले. मी त्याला त्याचा उपयोग सविस्तर सांगितला. त्याने ते एका टोपलीत टाकले. भूकंपाच्या साली एका चांभारबाबाने मला दिलेले दाभण होते ते. अन्य वेळी मी लेखी हरकत घेतली असती. त्या क्षणी माझ्यापाशी हरकत घेण्याचे तोंड राहिले नव्हते.

जमिनीपासून वर

विमान उडताना कान दडपतात, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. गिळत राहावे म्हणजे ते सुटतात. सुमारे अर्ध्या तासाने पट्टे बांधण्याची सूचना झाली आणि विमान हादरू लागले. खडबडीत रस्त्यावरच्या एसटीला आपण सरावलेले असतो. पण हे हादरे खालून येत होते आणि खाली काही नव्हते.

रेहानाने माझे मनगट धरले.

"दादा, हालून राहिलंय."

"हवा आहे. काही नाही."

"त्या पहाटेबी माज्या बापानं असंच म्हनलं हुतं. वारा हाय, नीज."

ती उठू लागली. पट्टा पोटाला रुतला तरी ती उठतच होती. "मला उतरू द्या. मी मधी उतरते. तुमी दोगं जावा." पुढच्या रांगेतले लोक वळून पाहू लागले. तहसीनने तिला दोन्ही हातांनी मिठी मारली. "अम्मी, माझ्याकडं बघ. माझ्याकडं बघ फक्त."

"दादा, बोलत ऱ्हावा," रेहाना डोळे मिटून म्हणाली. "कायबी बोला."

जे तोंडात बसले आहे तेच बाहेर आले. "माननीय तहसीलदार साहेब यांचे सेवेशी. विषय : मदत मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयी विनंती करण्यात येते की…"

"म्होरं?"

"अर्जदार ही अल्पवयीन असून तिचे राहते घर…"

"म्होरं, दादा."

मी म्हणत गेलो. तो अर्ज मला अजून पाठ आहे, हे मला स्वतःला त्या दिवशी समजले. 'आपला विश्वासू' येईपर्यंत हादरे थांबले होते. तिने माझे मनगट सोडले नाही. ज्या माणसाच्या शब्दावर ती जमीन सोडून वर आली होती, त्याने सकाळी तिला फसवले होते. खाली दिव्यांचे पुंजके सरकत होते आणि मी त्यांच्याकडे पाहण्याचे नाटक करीत होतो.

कलकत्ता ते दिब्रुगड

रात्र कलकत्त्याच्या विमानतळावर लोखंडी खुर्च्यांवर काढली. सकाळी पाहतो तो काचेपलीकडे धुके. दहाचे विमान अकरावर ढकलले गेले, अकराचे बारावर. फळ्यावरची वेळ बदलली की तहसीन मनाशी वजाबाकी करी. तिचे ओठ हलत ते मला दिसे. रेहाना मात्र वेळ विचारणाऱ्या प्रत्येकाला हात पुढे करून घड्याळ दाखवीत होती.

सव्वाबाराला निघालो. डाव्या खिडकीतून ढगांच्या वर पांढरी शिखरे दिसली. आधी मला तेही ढगच वाटले. खाली ब्रह्मपुत्रा आली. नांदेडच्या घाटावर उभे राहून गोदावरीला मोठी म्हणण्याची आपल्याला सवय आहे. ही नदी म्हणजे वाळूच्या पसाऱ्यात सोडून दिलेल्या दहा गोदावऱ्या, आणि प्रत्येकीची वाट वेगळी.

दोनला उतरलो. पेटी हाती यायला अर्धा तास गेला. गावाकडच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी चहाचे मळे, कंबरेइतके, न्हाव्याने कापल्यासारखे सपाट. घरे बांबूची आणि पत्र्याची. "घरं हलकी हायत," रेहाना म्हणाली. "डोक्यावर पडली तरी मानूस जगंल." घरांकडे पाहण्याची तिची रीत हीच आहे.

सव्वातीनला महाविद्यालयाच्या खिडकीपुढे उभे राहिलो. तिथल्या बाईंनी मेखला-चादर नेसली होती. आमच्याकडच्या साडीसारखीच, पण दोन तुकड्यांत. त्यांनी एकेक कागद पाहून बाजूला ठेवला. गुणपत्रक, दाखला, जन्माचा पुरावा. अखेरीस हिरव्या नाडीची तीन पाने आली. त्यांनी पहिले पान उलटले, दुसरे उलटले.

"यह कौन-सी भाषा है?"

"मराठी," मी अभिमानाने म्हणालो.

"बहुत सुंदर लिखा है," त्या म्हणाल्या. अगदी मनापासून म्हणाल्या. "लेकिन हम पढ़ नहीं सकते. अंग्रेज़ी में बनवा के लाइए. पाँच बजे तक."

तहसीनने माझ्याकडे पाहिले नाही. तिने पाहिले असते तर बरे झाले असते.

कोर्टाचे आवार

रिक्षावाल्याने आम्हाला कोर्टापाशी सोडले. टायपिंगवाल्यांची छपरी आम्हाला सापडेना. एकदा मागच्या गल्लीत गेलो, पुन्हा पुढे आलो. आणि धावता धावता मी वर पाहिले. सूर्य झाडांच्या मागे उतरला होता. आकाश तांबडे होऊन विझत चालले होते. दुकानांतून दिवे लागले होते, पाखरे परतत होती. आमच्याकडे ही वेळ पावणेसहाची.

एका कठड्यावर मी बसलो.

"संपलं," मी म्हणालो. "पाच वाजून गेले."

रेहानाने मनगट डोळ्यांपाशी नेले. "चार वाजून दहा मिंट."

"घड्याळ बंद पडलं असेल. आकाश बघ."

"माज्या नवऱ्यानं लावलेलं घड्याळ हाय, दादा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग होता. इतक्या वर्षांत माझ्याशी ती प्रथमच रागाने बोलत होती. "सूर्व्य चुकला असंल. उठा!"

मी उठलो. छपरीत एक सोडून सगळ्या यंत्रांवर कापड पडले होते. उरलेल्या टाइपरायटरपाशी एक वयस्क गृहस्थ बसले होते. गळ्यात गामोसा, म्हणजे तांबड्या काठाचा पांढरा पंचा, तोंडात सुपारी. तिकडे आमच्या व्यवसायाच्या माणसाला मुहरी म्हणतात. त्यांनी आमचे चेहरे पाहिले आणि त्यांना सवयीने समजले असावे.

"घबराइए मत," ते म्हणाले. "यहाँ सूरज जल्दी जाता है, सरकार नहीं. अभी बहुत टाइम है."

एकाच देशात एकच घड्याळ चालते. परंतु दोन हजार किलोमीटर पूर्वेला सूर्य त्याच्या सोयीने मावळतो, ही गोष्ट नकाशावर लिहिलेली नसते.

मी तीन पाने त्यांच्यापुढे ठेवली. त्यांना एक अक्षर वाचता येत नव्हते. तरी त्यांनी परिच्छेदांच्या आकड्यांवरून बोट फिरवले, समासाची रुंदी पाहिली, शेवटच्या पानावर डाव्या हाताला अंगठ्यासाठी सोडलेल्या मोकळ्या जागेवर थांबले. मग मान वर केली.

"आप भी?"

मी होकार दिला.

"इतना लंबा क्यों लिखा, भाई?"

त्यांनी यंत्रात कार्बन घालून दोन कागद चढवले. तहसीन त्यांच्याशेजारी उभी राहून इंग्रजीत सांगू लागली. ते मध्येच थांबवून शब्द बदलत, ती पुन्हा सांगे. मी आणि रेहाना मागे उभे होतो. माझ्या व्यवसायाचे काम माझ्यासमोर चालले होते आणि मला त्यातले एक वाक्य पुरते कळत नव्हते. माझ्या टेबलापुढे रोज माणसे अशीच उभी राहत असतील, दोन्ही हात पोटाशी धरून, दुसऱ्याच्या बोटांकडे पाहत. मी त्यांच्याकडे मान वर करून कधी पाहिले नव्हते.

सहा ओळी. मी मोजल्या.

शेजारच्या खोलीतले नोटरी कोट चढवून बाहेर पडत होते. मुहरींनी त्यांच्या भाषेत काही सांगितले. नोटरींनी कपाळाला आठ्या घातल्या, मुलीकडे पाहिले, कोटासकट पुन्हा खुर्चीत बसले. तहसीनने सही केली, त्यांनी शिक्का मारला. मुहरींनी कार्बनची प्रत माझ्या हातात कोंबली. "दौड़िए!"

खिडकीपाशी पोचलो तेव्हा मैनोद्दीनभाईंच्या घड्याळात पाचला बारा मिनिटे कमी होती. बाहेर पूर्ण काळोख होता. बाईंनी सहा ओळी वाचल्या, टाचणी मारली, रजिस्टर पुढे सरकवले.

रेहानाने खिडकीच्या गजाला हात लावला. "बाई, आता झालं का? आता कुनी काढनार न्हाई ना हिला?"

बाईंना भाषा कळली नाही, पण प्रश्न कळला. त्यांनी गजातून हात बाहेर काढून तिच्या हातावर ठेवला.

नदीकाठ

शनिवारी सकाळी आम्ही तिघे मुहरींचे आभार मानायला गेलो. त्यांनी बैठक असलेल्या पितळी तबकात सुपारी आणि पान पुढे केले. आपल्याकडे विडा जेवणानंतर देतात. तिकडे पाहुणा आला की आधी देतात. सुपारी ओली असते आणि डोक्याला झिणझिण्या आणते. वाचकांनी बेताने खावी. सोबत बिनदुधाचा लाल चहा झाला.

रेहाना भूकंपाच्या गावची आहे, हे मी त्यांना सांगितले. ते नदीकडे हात करून म्हणाले की तिकडच्या, पन्नास सालच्या थोरल्या भूकंपानंतर ही नदी बदलली आणि त्यांचे अर्धे गाव तिने खाल्ले. ते तेव्हा आईच्या कडेवर होते. त्यांचे वडील याच आवारात झाडाखाली बसून लोकांचे अर्ज लिहीत.

दुपारी वसतिगृहाच्या दारात तहसीनला सोडण्याची वेळ आली. रेहाना आत पेटी लावायला गेली होती. हीच वेळ होती.

"तहसीन, एक सांगायचं आहे," मी म्हणालो. "नांदेडचं विमान रद्द झालं नव्हतं. तसं विमानच नव्हतं. चूक माझी होती."

"माहीत आहे, मामू," ती म्हणाली. "त्या कागदाच्या खाली लिहिलं होतं. दोन ठिकाणांमधलं सरळ अंतर, या मार्गावर विमान असेलच असं नाही. मी जीपमध्येच वाचलं."

"मग बोलली का नाहीस?"

"अम्मीला विमानात बसवायचं होतं ना. तुमच्यावरचा तिचा भरोसा तेव्हा मोडला असता, तर ती हैदराबादेतूनच माघारी फिरली असती. आणि तिच्याशिवाय अब्बांनी मला पाठवलं नसतं." तिने माझ्या लिहायच्या पेटीकडे बोट केले. "ती तीन पानं मला द्याल?"

"त्यांचा काही उपयोग नाही."

"कॉलेजला नाही. अम्मी त्या पहाटेचं मला कधीच सांगत नाही. त्यात सगळं लिहिलंय."

मी पेटी उघडून हिरव्या नाडीची पाने तिला दिली.

रेहानाला मी परतीच्या विमानात सांगितले. तिने खिडकीकडे तोंड फिरवले. मग म्हणाली, "तवाच सांगितलं असतं, तर मी इमानात पाय ठिवला नसता." आणि थोड्या वेळाने, "पर आता परत कवा लपवू नका, दादा. मला खरं सांगितलेलं चालतं. मी सोसलंय." विमान एकदा हादरले. तिने माझे मनगट धरले नाही. मीच खुर्चीचा हात धरून बसलो होतो.

पुन्हा लातूर

अंतराचा तो कागद आता माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. 'तीन तास दोन मिनिटे' या ओळीखाली मी शाईने लिहिले आहे : 'प्रत्यक्षात, लातूर सोडल्यापासून खिडकीपर्यंत, सुमारे पस्तीस तास.' त्याच्याशेजारी मुहरींची कार्बनची प्रत आहे. नवे दाभण मी अद्याप घेतलेले नाही.

गेल्या आठवड्यात निलंग्याचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. मुलाचा नंबर दूर कोठेतरी लागला होता. प्रतिज्ञापत्र हवे होते.

"तुमचं नाव ऐकून आलो," ते म्हणाले. "चांगलं सविस्तर लिवा. आमी थांबतो दिवसभर."

मी काचेखालची प्रत काढून मुलाच्या हातात दिली. शेजारच्या टाइपवाल्याकडे बोट केले.

"सहा ओळी आहेत. नाव बदलून घ्या," मी म्हणालो. "आणि बसू नका. निघा."